बाळाला शीची जागाच नसेल तर: पहिल्या दिवसापासून शाळेपर्यंत

बाळ जन्मल्यावर वजन होतं, नाळेला चिमटा लागतो, रडणं ऐकलं जातं. त्याच वेळी दोन्ही पाय वर उचलून शीची जागा पाहिली, तर एक दोष पाळण्यात जाण्याआधीच सापडतो. जिथं छिद्र असायला हवं तिथं नुसती खळगी असते, कधी तीही नसते. साधारण 5000 जन्मांमागे एका बाळात हे आढळतं, मुलग्यांत थोडं जास्त. डॉक्टर याला अ‍ॅनोरेक्टल मालफॉर्मेशन म्हणतात. फाइलवर बहुतेक वेळा एआरएम एवढंच लिहिलेलं असतं.

घरच्यांना पहिल्या तासात वाटतं की एक ऑपरेशन झालं, छिद्र पाडलं की संपलं. सौम्य प्रकारात ते बऱ्याच अंशी खरं आहे. बाकीच्यांत सर्जनचं काम काही तासांचं असतं आणि घरचं काही वर्षांचं. ते घरचं काम काय, ते कुठं चुकतं, हे कळण्यासाठी आधी दोष नेमका काय आहे ते समजलं पाहिजे.

गर्भ चार आठवड्यांचा असताना आतड्याचं खालचं टोक आणि लघवीचा मार्ग एकाच पोकळीत उघडतात. पुढच्या चारेक आठवड्यांत मध्ये पडदा येतो आणि दोन मार्ग वेगळे होतात. हे वेगळं होणं अर्धवट राहिलं की हा दोष तयार होतो. म्हणजे आईला दिवस गेल्याचं जेमतेम कळतं तेव्हा ही घडामोड होऊन गेलेली असते. ग्रहण पाळलं नाही, पपई खाल्ली, चिरलं-कापलं, यांतल्या कशाचाही याच्याशी संबंध नाही. बहुतेक बाळांत नेमकं कारण सापडतच नाही. गरोदरपणातल्या सोनोग्राफीतही हा दोष सहसा दिसत नाही, त्यामुळे "सोनोग्राफीवाल्याला कसं कळलं नाही" हा राग बहुधा अनाठायी असतो.

आता महत्त्वाची गोष्ट. छिद्र नाही याचा अर्थ आतडं आत बंद पिशवीसारखं संपलं, असा क्वचितच असतो. बहुतेक वेळा ते कुठंतरी उघडलेलं असतं, फक्त चुकीच्या ठिकाणी. या चुकीच्या वाटेला फिस्चुला म्हणतात. मुलग्यात ती कधी नेहमीच्या जागेच्या थोडी पुढं, त्वचेवरच उघडते. टाचणीएवढ्या छिद्रातून किंवा वृषणाच्या पिशवीवरच्या मधल्या रेषेत काळा ठिपका दिसतो. हा सगळ्यांत सौम्य प्रकार. मुलग्यांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे आतडं लघवीच्या नळीत उघडणं. मग लंगोटावर हिरवट लघवी दिसते. ते त्याहून वर, मूत्राशयाच्या तोंडाशी उघडलं असेल तर दोष सगळ्यांत उंचावरचा.

मुलीत मोजायचं असतं: छिद्रं किती? लघवीचं एक, योनीचं एक आणि योनीच्या दाराशी आतल्या बाजूला तिसरं, तर तो वेस्टिब्युलर फिस्चुला. मुलींमध्ये हाच सर्वाधिक दिसतो. एकच छिद्र असेल तर लघवी, योनी आणि आतडं तिन्ही आत एकत्र आलेली असतात. याला क्लोअ‍ॅका म्हणतात आणि याची शस्त्रक्रिया या सगळ्यांत अवघड.

वेस्टिब्युलर फिस्चुला असलेल्या मुली हमखास निसटतात. शी होतेय ना, मग पाहायचं काय? आईच्या दुधावर शी पातळ असते, ती अरुंद वाटेतूनही निघते. सहा महिन्यांनी पेज, खिमट, नाचणी सुरू झाली की शी घट्ट होते, बाळ कुंथतं, पोट फुगतं, आणि एरंडेल, मनुकांचं पाणी असे उपाय सुरू होतात. मुलीची शी लघवीच्या जागेजवळून येतेय असं आईला वाटत असेल तर तो भास समजून सोडून देऊ नका. उजेडात नीट पाहणाऱ्या डॉक्टरला दाखवा.

पहिले 24 तास

निदान झाल्याबरोबर सर्जन लगेच शस्त्रक्रिया का करत नाहीत, यावर नातेवाइकांची घालमेल होते. थांबण्यामागं कारण आहे. जन्मानंतर गिळलेली हवा आतड्याच्या शेवटपर्यंत पोहोचायला 18 ते 24 तास लागतात. आत दाब वाढल्याशिवाय पहिली काळी शी अरुंद वाटेतून बाहेर ढकलली जात नाही. त्यामुळे सहाव्या तासाला "फिस्चुला नाही" वाटलेल्या बाळात विसाव्या तासाला त्वचेवर काळा ठिपका दिसू शकतो. तो दिसला तर शस्त्रक्रियेची दिशाच बदलते: पोटावर आतड्याचं तोंड (कोलोस्टोमी) करण्याऐवजी खालूनच काम भागतं.

तोवर बाळाला तोंडाने काहीही द्यायचं नाही. दूध नाही, मध नाही, घुटी नाही, चमचाभर पाणीही नाही. शिरेतून सलाइन, नाकातून पोटात नळी आणि ऊब, एवढं चालू असतं. शी होत नाही म्हणून विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून घालण्याची पद्धत आपल्याकडं अजून आहे. इथं ती थेट धोक्याची: जिथं वाटच नाही तिथं काही घुसवलं तर इजा होते, आणि "पाहू संध्याकाळपर्यंत" म्हणत तास वाया जातात. दोन-तीन दिवस असेच गेले तर पोट टम्म फुगतं, हिरवी उलटी होते, आणि शेवटी ताणलेलं आतडं फुटू शकतं. फुटल्यानंतर पोहोचलेल्या बाळाची लढाई अगदी वेगळी असते.

या 24 तासांत दुसरा शोध चालतो: बाकी कुठं दोष आहे का? निम्म्याहून अधिक बाळांत आणखी काही ना काही सापडतं. म्हणून हृदयाचा इको, मूत्रपिंडांची सोनोग्राफी, मणक्यांचा आणि माकडहाडाजवळच्या हाडाचा एक्स-रे, पाठीच्या कण्याची सोनोग्राफी. नाकातली नळी पोटात सरळ गेली म्हणजे अन्ननलिका सलग आहे, हेही त्यातच कळतं. कण्याची सोनोग्राफी साधारण तीन महिन्यांच्या आतच नीट होते. नंतर हाडं टणक होतात आणि एमआरआय करावा लागतो, तोही बाळाला गुंगी देऊन. ही साधी तपासणी राहून जाते आणि पुढं फार महागात पडते. इको आणि मूत्रपिंडाच्या सोनोग्राफीचा कागद फाइलमध्ये आहे का, हे आई-वडिलांनीच विचारलेलं बरं.

वाट बाहेर दिसलीच नाही तर एक्स-रे. पूर्वी बाळाला उलटं धरून काढत, आता पालथं झोपवून कंबर उंच करून बाजूने काढतात, आणि गुदद्वाराच्या खळगीवर धातूची खूण चिकटवतात. खुणेपासून आतड्यातल्या हवेचं अंतर 1 सेंटिमीटरहून कमी असेल तर आतडं त्वचेजवळ आहे, अनुभवी सर्जन खालूनच मार्ग करू शकतात. जास्त असेल, किंवा लघवीत शी दिसत असेल, तर आधी कोलोस्टोमी.

त्वचेवर उघडणाऱ्या सौम्य प्रकारात पहिल्या एक-दोन दिवसांतच छोटी शस्त्रक्रिया होते आणि बाळ काही दिवसांत घरी जातं. वेस्टिब्युलर फिस्चुलात काही सर्जन एकाच टप्प्यात सगळं करतात, काही आधी कोलोस्टोमी करतात. दोन्ही मान्य मार्ग आहेत. बाळाची तब्येत, सर्जनचा हात आणि नंतरच्या देखभालीची सोय पाहून निवड होते.

पोटावरची जागा

कोलोस्टोमी म्हणजे मोठं आतडं पोटाच्या त्वचेवर उघडणं. घरच्यांना हे पाहून धक्का बसतो, आणि "एवढ्याशा जिवाला हे कशाला, सरळ खालीच करा की" हा आग्रह होतो. खाली केलेली नवी वाट ताज्या टाक्यांची असते. तिच्यावरून दिवसातून दहा वेळा शी गेली तर टाके उसवतात, पू होतो, आणि पहिल्याच प्रयत्नाला स्नायूंची जी संधी असते ती जाते. दुसऱ्यांदा केलेली शस्त्रक्रिया सहसा पहिल्याइतकी चांगली होत नाही. शिवाय लघवीच्या नळीत वाट नेमकी कुठं उघडते, हे पाहण्यासाठीही हे तोंड लागतं.

चांगल्या कोलोस्टोमीत आतडं डाव्या बाजूला, खाली उतरणारं आतडं आणि सिग्मॉइड (त्यापुढचा वळणदार भाग) यांच्या सांध्याजवळ पूर्ण कापून दोन तोंडं केलेली असतात, मध्ये त्वचेचा पूल ठेवून. वरच्या तोंडातून शी येते. खालच्या तोंडातून फक्त पांढरट चिकट स्राव येतो आणि लघवीशी वाट जोडलेली असेल तर कधी लघवीही. यात घाबरण्यासारखं काही नाही. दोन तोंडं वेगळी ठेवण्याचं कारण सरळ आहे: शी खालच्या भागात गेली तर तिथं साचून आतडं ताणतं आणि मुलग्यांत लघवीला वारंवार जंतुसंसर्ग होतो. खूप खाली केलेलं तोंडही अडचणीचं, कारण मग मुख्य शस्त्रक्रियेत आतडं खाली ओढायला लांबीच उरत नाही.

निरोगी तोंड लालचुटुक आणि ओलसर दिसतं. पुसताना रक्ताचा एखादा ठिपका येणं नेहमीचं. तिथं दुखणं जाणवत नाही, म्हणूनच शेकोटी, शेगडी, गरम पाण्याची पिशवी त्याच्या आसपास नको, भाजलं तरी बाळ रडणार नाही. रंग जांभळा किंवा काळपट झाला, शी बारा तासांहून अधिक बंद होऊन पोट फुगलं, किंवा आतडं सोंडेसारखं लांब बाहेर आलं आणि आत जाईना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, रात्र असली तरी.

खरा त्रास त्वचेचा असतो. शी लागून सभोवतालची कातडी लाल होते, सोलवटते, मग त्यावर बुरशी येते: मोठ्या लाल चट्ट्याभोवती बारीक लाल पुळ्या विखुरलेल्या दिसल्या तर ती बुरशीच, तिला नुसतं झिंक पुरत नाही, बुरशीचं मलम लागतं. रोजची काळजी अशी: कोमट पाणी आणि मऊ सुती कापडाने पुसायचं, टिपून कोरडं करायचं, झिंक ऑक्साइडचा जाड थर लावायचा. पुढच्या वेळी तो थर घासून काढायचा नाही, वरवरची शी पुसून त्यावरच नवा लावायचा. स्पिरिट, डेटॉल, सुगंधी वाइप्स, टाल्कम पावडर, यांतलं काहीही नको.

तोंडावर शी गोळा करणारी पिशवी लावणार असाल तर तिचं भोक तोंडापेक्षा फक्त 2 ते 3 मिलिमीटर मोठं कापा. मोठं कापलं की मधली त्वचा शीत भिजते, लहान कापलं की तोंडाला काचतं. तोंडाची सूज पहिल्या काही आठवड्यांत उतरते, म्हणून माप पुन्हा घ्यायचं असतं. बहुतेक जण पहिल्या दिवशीचंच माप वापरत राहतात आणि कातडी का जळतेय ते कळत नाही. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, जड पिशवी स्वतःच्या वजनाने सुटते. झिंक लावलेल्या त्वचेवर पिशवी चिकटत नाही. तेव्हा पिशवी तरी वापरा नाहीतर झिंक आणि कापड. डाव्या बाजूच्या कोलोस्टोमीत शी बऱ्यापैकी घट्ट असते, त्यामुळे जुन्या सुती साडीच्या घड्यांवर महिने काढणारी घरं पुष्कळ आहेत, आणि बाळाची त्वचा उत्तम राहते. पिशव्या परवडत नाहीत म्हणून अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही.

आंघोळ नेहमीसारखी घाला, पाणी आत जात नाही. मालिश चालते, पण पोटावर दाब नको, आणि पिशवी वापरत असाल तर पोटाला तेल नको. आईचं दूध शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांत सुरू होतं. लसी वेळेवरच द्यायच्या. जुलाब लागले तर मात्र या बाळांत पाणी लवकर कमी होतं, ओआरएस आणि डॉक्टर दोन्ही लवकर.

मुख्य शस्त्रक्रिया

बाळाचं वजन नीट वाढू लागलं की, काही केंद्रांत एक-दोन महिन्यांनी, काहींत सहा महिन्यांच्या आसपास, खालची वाट तयार करतात. त्याआधी एक तपासणी सोडायची नाही: कोलोस्टोमीच्या खालच्या तोंडातून औषध सोडून काढलेला एक्स-रे. बारीक फॉली नळी आत घालून तिचा फुगा थोडा फुगवतात, तो तोंडाशी ओढून धरतात आणि दाबाने पाण्यात विरघळणारं कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडतात. दाब महत्त्वाचा. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आतड्याचं टोक आवळून धरतात. दाब कमी पडला तर औषध तिथंच अडतं, फिस्चुला दिसत नाही आणि आतडं आहे त्यापेक्षा उंच वाटतं. असा फसवा फोटो घेऊन शस्त्रक्रियेला उतरलेला सर्जन खालून आतडं शोधत राहतो आणि मिळते ती लघवीची नळी. या शस्त्रक्रियेतल्या गंभीर इजांचं मूळ बऱ्याचदा इथं असतं.

आज जगभर जी पद्धत रूढ आहे ती मेक्सिकोचे अल्बर्टो पेन्या आणि त्यांचे सहकारी डी व्ह्रीस यांनी 1982 मध्ये मांडली. तिला पीसार्प म्हणतात. त्याआधी आतडं स्नायूंमधून जवळजवळ अंदाजाने खाली ओढलं जाई. पेन्यांनी बाळाला पालथं घालून, कंबर उंच करून, अगदी मध्यरेषेत मागून उघडलं. विजेच्या सूक्ष्म धक्क्याने स्नायू आवळतात, त्यावरून त्यांच्या कडा कुठं आहेत ते प्रत्यक्ष दिसतं. मज्जातंतू मध्यरेषा ओलांडत नाहीत, त्यामुळे रेषेत राहिलं तर ते तुटत नाहीत.

पुढचा भाग नाजूक. फिस्चुलाच्या लगेच वर आतडं आणि लघवीची नळी यांची भिंत एकच असते, मध्ये पदर नसतो. ती सोडवताना नळीला किंवा मुलग्यात वीर्यवाहिनीला इजा होऊ शकते. म्हणून आधीच लघवीत नळी घातलेली असते आणि ती लघवीच्या फिस्चुलात साधारण आठवडाभर ठेवतात. ही नळी चुकून निघाली तर ती वॉर्डातच परत ढकलायची नसते. पालकांनी सिस्टरांना आणि सिस्टरांनी सर्जनला सांगायचं. मोकळं केलेलं आतडं स्नायूंच्या कड्याच्या बरोबर मधून आणून त्वचेला शिवतात. आतडं मूत्राशयाच्या तोंडाशी उघडत असेल तर ते मागून हाताला लागतच नाही, तिथं पोटातून किंवा दुर्बिणीने सोडवून आणावं लागतं.

गंमत म्हणजे एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर बाळाला फार दुखत नाही, बहुतेक बाळं लवकरच दूध प्यायला लागतात. पोटात शिरावं लागलं नसेल तर हे विशेष खरं.

डायलेटेशन: सगळ्यांत नको असलेलं काम

गोल शिवलेली कोणतीही जखम भरताना आवळते. नवं गुदद्वारही आवळतं. म्हणून साधारण दोन आठवड्यांनी सर्जन हेगर डायलेटर नावाची गुळगुळीत धातूची दांडी घालून पाहतात, घरच्यांना शिकवतात, आणि हे डायलेटेशन, म्हणजे वाट रुंद ठेवणं, घरी दिवसातून दोनदा करायला सांगतात. हेगरचा नंबर म्हणजे त्याची जाडी मिलिमीटरमध्ये. दर आठवड्याला एक नंबर वाढवायचा. चार महिन्यांपर्यंतच्या बाळात 12 नंबर, चार ते आठ महिन्यांत 13, वर्षापर्यंत 14, एक ते तीन वर्षांत 15, पुढं बारा वर्षांपर्यंत 16, हे साधारण लक्ष्य. काही केंद्रं आता नेमाने न करता अरुंदपणा दिसला तरच करतात. तुमच्या सर्जनने जे ठरवलं असेल ते पाळा, पण शेजारच्या खाटेवरच्या बाळाचं वेळापत्रक उचलू नका.

करायचं असं: बाळ उताणं, गुडघे पोटाशी, एकाने धरायचं. दांडीला भरपूर जेली. टोक आत जाताना थोडं मागच्या, म्हणजे पाठीच्या दिशेने. दोन-तीन सेंटिमीटर आत, अर्धा मिनिट थांबायचं, बाहेर. वापरून झाल्यावर साबणाच्या पाण्याने धुवायची. पहिले काही दिवस रक्ताचा ठसा दिसतो. रोज ताजं रक्त आलं तर मात्र कुठंतरी चीर पडतेय.

सर्वांत जास्त बिघाड इथं होतो, आणि तो मायेपोटी. बाळ रडतं म्हणून आजी म्हणते आज राहू दे. चार दिवस राहतं. मधल्या काळात तोंड आवळतं, पाचव्या दिवशी तीच दांडी जोर लावून घातली जाते, कातडी फाटते, फाटलेली जागा जाड व्रण धरते आणि अजून आवळते. दिवसातून दोनदा सहज जाणारी दांडी व्रण करत नाही, आठवड्यातून दोनदा जोराने घातलेली करते. खंड पडलाच तर आधीच्या नंबरवर उतरा आणि फोन करा. काम एकाच माणसावर टाकू नका, आई आणि वडील दोघांनीही वॉर्डातच शिकून घ्यावं. आईनं एकटीनं करायचं ठरलं की ती दोन महिन्यांत खचते.

लक्ष्याचा नंबर आला की कोलोस्टोमी बंद होते, बहुधा मुख्य शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांनी. डायलेटेशन तेव्हा थांबत नाही. दांडी न दुखता जाऊ लागली की महिनाभर दिवसातून एकदा, मग महिनाभर तीन दिवसांतून एकदा, मग महिनाभर आठवड्यातून दोनदा, मग एकदा, असं उतरवतात.

कोलोस्टोमी बंद झाल्यावर दुसरा धक्का बसतो. बाळाला दिवसातून पंधरा-वीस वेळा थोडी थोडी शी होते आणि ढुंगण सोलून निघतं. त्या त्वचेला शी कधी लागलेलीच नव्हती. झिंकचा जाड थर बंद करण्याच्या आदल्या दिवसापासूनच सुरू करावा, शी होण्याची वाट पाहू नये. लंगोट शक्य तेवढा उघडा ठेवा. काही आठवड्यांत वेळा कमी होतात.

नंतर येतं ते बद्धकोष्ठ

लोक समजतात की या मुलांचा मोठा प्रश्न शी धरता न येणं हा आहे. उंच प्रकारात तो असतोच. पण सौम्य प्रकारांत उलट होतं: ताबा चांगला येतो आणि बद्धकोष्ठ तीव्र असतं. खालच्या आतड्याची पुढं ढकलण्याची ताकद मुळात कमी असते. शी साचते, आतडं ताणतं, ताणलेलं आतडं आणखी कमी ढकलतं. काही महिन्यांत आत दगडासारखा गोळा बसतो आणि त्याच्या कडेनं पातळ शी झिरपत राहते. घरात वाटतं जुलाब आहेत. जुलाब थांबवायचं औषध दिलं जातं. शाळेत बाई म्हणतात याला ताबा नाही. खरं तर ताबा होता, वाट तुंबली होती.

म्हणून नियम साधा: रोज शी झालीच पाहिजे, आणि पोट रिकामं होईल एवढी. एक दिवस नाही झाली तर लक्ष, दोन दिवस नाही झाली तर उपाय. फळं, भाज्या, पाणी हे असावंच, पण या मुलांना बहुधा त्यावर भागत नाही. सोनामुखीपासून बनवलेली औषधं किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल वर्षानुवर्षं लागू शकतात. मात्रा मुलागणिक वेगळी, ती सर्जन ठरवतात आणि पोटाचा साधा एक्स-रे पाहून शी खरंच निघतेय का ते तपासतात. "औषधाची सवय लागेल" म्हणून ते परस्पर बंद करणं ही कोलोस्टोमी बंद झाल्यानंतरची सर्वांत महाग चूक आहे. सवय औषधाची लागत नाही, गरज आतड्याची असते.

तीन वर्षांच्या आसपास कळू लागतं की ताबा येणार का. सगळे प्रकार एकत्र धरले तर साधारण चारांतल्या तिघांना स्वतःहून शी करता येते. त्वचेवर उघडणाऱ्या प्रकारात जवळपास सगळ्यांना, मूत्राशयाशी उघडणाऱ्यात फार थोड्यांना. माकडहाडावरचं हाड अपुरं असेल तर शक्यता घटते, म्हणूनच तो पहिल्या दिवसाचा एक्स-रे जपून ठेवायचा.

ताबा येणारच नसेल तरी मूल शाळेत डायपर लावून बसलं पाहिजे असं नाही. रोज ठराविक वेळी एनिमाने मोठं आतडं धुतलं की पुढचे 24 तास कपडे कोरडे राहतात. एक लीटर उकळून गार केलेल्या पाण्यात साधारण 9 ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे सपाट दीड चमचे. कोमट करायचं, सर्जनने सांगितलेलं माप घ्यायचं (बहुधा वजनाच्या किलोमागे 20 मिलिलीटरच्या आसपास सुरुवात होते), पाच-दहा मिनिटांत हळू सोडायचं, तेवढाच वेळ धरायचं, मग अर्धा ते पाऊण तास बसायचं. साधं पाणी वापरायचं नाही, ते रक्तात शोषलं जाऊन सोडियम खाली येतं. दुकानातला फॉस्फेटचा एनिमा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या मुलाला विचारल्याशिवाय नको. पहिल्या आठवड्यात माप रोज बदलावं लागतं, त्यामुळे हे सुट्टीत सुरू करा, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी नको.

मूल सात-आठ वर्षांचं झालं की खालून एनिमा घेणं त्याला नकोसं होतं, आणि ते बरोबरच आहे. अपेंडिक्स बेंबीशी उघडून वरून पाणी सोडण्याची सोय 1990 मध्ये ब्रिटनच्या मलोन यांनी मांडली. मूल स्वतःच संडासात बसून बेंबीतून बारीक नळी घालतं. पण हे तेव्हाच, जेव्हा खालून दिलेल्या एनिमाने आधीच कपडे कोरडे राहत असतील. खालून जमलं नाही ते वरून आपोआप जमत नाही.

लघवी विसरू नका

पालकांचं सगळं लक्ष शीवर असतं, आणि आयुष्याला खरा धोका मूत्रपिंडांकडून येऊ शकतो. कारण नसताना ताप, लघवीला वास, वजन न वाढणं: दरवेळी लघवीची तपासणी आणि कल्चर. सोनोग्राफी सर्जन सांगतील त्या अंतराने. आधी नीट चालणारं मूल पायात अडखळू लागलं, ताबा येऊन परत गेला, पाठ दुखू लागली, तर पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू खाली अडकून ताणला गेलाय का हे पाहायला एमआरआय हवा.

ही शस्त्रक्रिया बालशल्यचिकित्सकानेच करायची असते. मुंबईत परळचं वाडिया बालरुग्णालय, केईएम, सायन, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज इथं हे विभाग आहेत. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बालशस्त्रक्रिया येतात, त्यासाठी शिधापत्रिका आणि ओळखीचे कागद वडिलांनी पहिल्याच दिवशी जमवून ठेवावेत. बाळाचं आधार नंतर निघतं, त्यासाठी अडून राहू नका.

फाइल एकच ठेवा. कोणता फिस्चुला होता, कोलोस्टोमीच्या खालच्या तोंडातून औषध सोडून काढलेला एक्स-रे, शस्त्रक्रियेचा कागद, हाडाचा एक्स-रे, इको. मुलगी असेल तर ही फाइल तिच्याच हाती द्यायची आहे. पाळी सुरू होण्याच्या वयात योनी आणि गर्भाशय नीट आहेत का ते पाहावं लागतं, विशेषतः क्लोअ‍ॅका असेल तर, कारण रक्त आत अडून पोटदुखी होऊ शकते. पुढं बाळंतपण नैसर्गिक की सिझेरियन, हे ठरवणारा डॉक्टर पहिल्यांदा हाच कागद मागेल: तुमची वाट कुठं उघडत होती, आणि ती कशी दुरुस्त केली?